'लपाछपी' की 'छोरी'? एकच बघणार असाल तर

दोन्ही भयपट, आणि दोन्हींचा दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. गोष्टही तीच. कर्जापायी तोंड लपवणारा नवरा, आठवा महिना लागलेली त्याची बायको, आणि ड्रायव्हर त्यांना घेऊन जातो ते उसाच्या फडातलं घर. मराठी 'लपाछपी' २०१७ मध्ये थिएटरात लागला. त्यावरूनच बेतलेला हिंदी 'छोरी' २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. मग निवडायचं कशावरून? मी तरी त्या घरातल्या मोठ्या बाईवरून निवडते.

'लपाछपी'तली तुळसाबाई उषा नाईक यांनी केली आहे. ती त्या गरोदर बायकोला, नेहाला, खाऊपिऊ घालते, जपते, काय करावं नि काय टाळावं ते सांगते. आवाज आपल्या ओळखीचा. आत्या, मावशी, शेजारच्या काकू अशाच बोलतात, म्हणून तर धसका जास्त बसतो. मुलगी नको हे तिथे ओरडून सांगितलं जात नाही, मायेच्या सुरातच येतं. पूजा सावंतची नेहाही आधी तिच्यावर विश्वास टाकते, आणि आपणही टाकतो.

'छोरी'त मिता वशिष्ठ यांची भन्नोदेवी आहे. अभिनय भक्कम, पण तिची जरब लवकर कळते आणि आपण सावध होतो. इथली गरोदर बायको, नुसरत भरुचाची साक्षी, मात्र उलट प्रश्न विचारते, मुद्दा स्पष्ट बोलून दाखवते. कॅमेरा, आवाज, सफाई यांत 'छोरी' पुढे आहे. लांबी दोन तासांच्या वर.

फडाचं म्हणाल तर उभ्या उसात शिरलेल्याला वेगळं सांगायला नको. दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पात्यांनी दंड कापले जातात, वाऱ्याने पाचट सळसळलं की मागे कोणी आहे असंच वाटतं. दोन्हीकडे ही भीती नेमकी पकडली आहे. आणि दोन्हीकडे मेलेल्यांपेक्षा जिवंत माणसंच जास्त घाबरवतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

एक तक्रार मात्र दोघांबद्दल आहे. शहाणी बाई शहरातली, घात करणारी बाई खेड्यातली. जातीचा तर विषयच निघत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या, आणि आपल्या बीडमध्ये त्याहून कमी, ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, कारण गर्भजल तपासणीच्या काळात मुली मारायचं हे पाप विहिरीवर नाही, दवाखान्यात होऊ लागलं होतं. तिथे जाणारी घरं शिकलेलीही होती. तो दवाखाना दोन्ही सिनेमांत दिसायला हवा होता.

कॉलेजात किंवा महिला मंडळात दाखवून पुढे बोलायचं असेल तर 'लपाछपी'च लावा. तुळसाबाईवरून बायका आपापल्या घरातलं बोलू लागतील. मराठी न समजणारी मंडळी असतील तर 'छोरी' घ्या. २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला आहे, तो बघायचा तर हा आधी बघावाच लागेल. गरोदर मैत्रिणीला मात्र यातला एकही आत्ता दाखवू नका. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की मग बघा.