केनिया सफारीच्या नावाखाली २२,४९,५०० रुपये गेले : कुठे कळायला हवं होतं आणि तक्रारीचं काय झालं

अकरा जणांचे मिळून २२,४९,५०० रुपये गेले. माणशी १,९८,००० रुपयांचं केनियाचं पॅकेज, म्हणजे २१,७८,०००. वर ई-टीएसाठी (केनियात जायची ऑनलाइन परवानगी) माणशी ६,५००, म्हणजे ७१,५००. पॅकेजचे पैसे तीन हप्त्यांत घेतले : आधी माणशी २५,०००, मग ७५,०००, मग ९८,०००. टूरवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण पद्धत सगळी लिहितो. ही पद्धत वापरणारा तो एकटाच नाही, आणि मायग्रेशनच्या, म्हणजे वाइल्डबीस्ट या रानजनावरांचे कळप मसाई मारा अभयारण्यात येतात त्या, सीझनचं बुकिंग घ्यायला असे लोक दर हिवाळ्यात बाहेर पडतात.

पहिल्यांदा एक सांगतो. "एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर कळलं नाही का?" हे आम्हाला ओळखीच्या प्रत्येकाने विचारून झालंय. त्या माणसाचं ऑफिस होतं, बोर्ड होता, २७ ने सुरू होणारा पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी नंबर होता. आमच्यातल्या दोन कुटुंबांना त्याने आधी दुबईला नेऊन व्यवस्थित परत आणलं होतं. आमच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत, एक डॉक्टर आहेत, हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. लहान टूर नीट करून दाखवायची आणि मोठ्या टूरचे पैसे घेऊन गायब व्हायचं, हा असल्या टूरवाल्यांचा धंदाच आहे. दुबईची टूर नीट झाली म्हणून केनियाचीही होईल, असं धरून चालू नका.

आता हिशेब. ऑगस्ट २०२५ ची टूर : नैरोबी एक रात्र, अंबोसेली दोन, नाकुरू एक, मसाई मारा तीन. मारा रिझर्व्हची फी २०२४ पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर झाली. तिकीट पूर्वी चोवीस तास चालायचं, आता सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. इंटरनेटवर जुन्या पानांवर अजून ७०-८० डॉलर लिहिलेलं आहे आणि आम्ही तेच धरून हिशेब केला होता, म्हणून त्याचा आकडा पटला. खरा हिशेब असा : मारा ६००, अंबोसेली १२०, नाकुरू ६० (ही तेव्हाची फी), म्हणजे ७८० डॉलर. ८६ च्या भावाने ६७,०८० रुपये नुसत्या गेटवर जातात. मुंबई-नैरोबी विमान सीझनमध्ये ४५,००० धरा. ड्रायव्हर आणि डिझेलसकट लँड क्रूझर सहा जणांत वाटली तरी आठवड्याचे माणशी २८,००० च्या आसपास. ऑगस्टमध्ये रिझर्व्हच्या आत मध्यम दर्जाच्या तंबूत जेवणासकट माणशी रात्रीला २५० डॉलरच्या खाली काही हाती लागत नाही, तीन रात्रींचे ६४,५००. बाकी मुक्काम किमान ३३,५००. बेरीज २,३८,०८०. त्यात माराहून परतीचं छोटं विमान धरलेलं नाही, जीएसटी नाही, त्याचा नफा नाही. आणि हा माणूस १,९८,००० मध्ये हे सगळं देऊन वर, शेवटचा हप्ता लवकर भरला तर, बलूनची फेरी मोफत देणार होता. माराची बलून फेरी माणशी साडेचारशे डॉलरच्या घरात जाते. गेटची फी, विमान, गाडी, मुक्काम या चार आकड्यांची बेरीज पॅकेजपेक्षा जास्त येत असेल तर पुढे बोलूच नका.

तरी हे एक वेळ सोडून देऊ. "डायरेक्ट टाय-अप आहे, मधला दलाल नाही" हे उत्तर ऐकायला खरं वाटतं. ज्या क्षणाचा मला अजून संताप येतो तो टीसीएसचा.

परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस (विकणाऱ्याने घेऊन तुमच्या नावावर आयकर खात्यात भरायचा कर) घ्यावाच लागतो. त्या वेळी आमच्या रकमेवर तो पाच टक्के होता. त्यासाठी पॅन लागतो, ती रक्कम तुमच्या नावावरच्या आयकराच्या नोंदीत दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते. म्हणजे तो खर्च नाहीच, तुमचेच पैसे परत येणार असतात. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी आमच्यातल्या एकाने विचारलं, पॅन देऊ का? तो म्हणाला, "राहू द्या, तुमच्यासाठी टीसीएस मी माफ केला." आणि अकरा जणांना आनंद झाला! टीसीएस माफ करणं कुठल्याच टूरवाल्याच्या हातात नाही. जो पॅन मागत नाही त्याला परदेशी पॅकेज आयकर खात्याच्या नोंदीत येऊ द्यायचंच नाही. ज्याला पैसे केनियाला पाठवायचेच नाहीत त्याला पॅन कशाला लागेल? तिथे उठून आलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं. त्या दिवशी दुसरा हप्ता अजून दिलेला नव्हता. फक्त २,७५,००० गेले असते.

त्यानंतर विमानाचं तिकीट. त्याने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला. एअरलाइनच्या साइटवर टाकला तर सगळ्यांची नावं, तारखा, वेळा दिसल्या. आम्ही निर्धास्त. पण पीएनआर म्हणजे फक्त जागा धरलेली. पैसे भरून तिकीट काढलं की तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक पडतो, केनिया एअरवेजचा ७०६ ने सुरू होतो. तो नसेल तर ठरलेल्या मुदतीत बुकिंग आपोआप उडतं. आमचं तसंच उडालं. तो पीएनआर त्याने फक्त स्क्रीनशॉट काढण्यापुरता जिवंत ठेवला होता. तिकिटाच्या पीडीएफवर तेरा आकडे शोधा, नसतील तर एअरलाइनच्या कस्टमर केअरला फोन करून "तिकीट इश्यू झालंय का" एवढंच विचारा.

कॅम्पच्या व्हाउचरचंही तसंच. कॅम्पवाले टूर ऑपरेटरला खोल्या तात्पुरत्या धरून देतात, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. ठरलेल्या दिवसांत डिपॉझिट भरलं नाही की खोल्या सोडून देतात. या माणसाने प्रोव्हिजनल पत्र घेतलं, त्यातला तो एक शब्द बदलून 'कन्फर्म्ड' केला आणि आमच्याकडे पाठवलं. व्हाउचरवर २५४ ने सुरू होणारा केनियाचा फोन नंबर होता. त्यावर फोन केला की कुणीतरी इंग्रजीत "येस, कन्फर्म्ड" म्हणायचा. तो नंबर कॅम्पचा नव्हताच. भांडं फुटलं ते जैन जेवणामुळे. गटातल्या एका ताईंनी कॅम्पच्या मूळ साइटवरून पत्ता घेऊन त्या जेवणासाठी थेट ईमेल केला आणि उत्तर आलं की या नावाचं बुकिंग कधीच सोडून दिलंय. म्हणून सांगतो, व्हाउचरवरचा नंबर वापरायचा नाही. कॅम्पची साइट स्वतः शोधा, तिथल्या ईमेलवर व्हाउचरचा रेफरन्स नंबर द्या आणि दोनच गोष्टी विचारा : स्टेटस काय, डिपॉझिट मिळालं का. दुसरा हप्ता देण्याच्या आधी विचारा, नंतर नाही.

ई-टीए मात्र खरा निघाला. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ई-टीए सुरू केला. सरकारी फी तीस डॉलर आणि वर थोडा प्रोसेसिंगचा आकार. शेवटी 'डॉट गो डॉट केई' असलेल्या सरकारी साइटवर घरबसल्या भरता येतो. याने माणशी ६,५०० घेतले आणि अर्जात तेच खोटं व्हाउचर चढवलं. ई-टीए मंजूर होऊन आल्यावर आमची उरलीसुरली शंकाही गेली. ई-टीए मंजूर झाला म्हणजे हॉटेल आणि विमान खरं आहे असं कुणी समजू नका.

त्याच्या आयटिनररीतच (सहलीच्या रोजच्या कार्यक्रमाच्या कागदात) तो या धंद्यातला नाही हे लिहिलेलं होतं. नाकुरू ते मारा 'दोन तास' लिहिलं होतं. नरोकवरून जाताना पाच-सहा तास लागतात. माराहून नैरोबीच्या छोट्या विमानात 'सामान २३ किलो' लिहिलं होतं. त्या विमानांत हातातल्या बॅगेसकट १५ किलो चालतं, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. ती विमानं नैरोबीच्या विल्सन विमानतळावर उतरतात आणि मुंबईचं विमान जोमो केन्याटावरून सुटतं. मध्ये नैरोबीचं ट्रॅफिक. त्याने दोन्हींत दीड तासाचं अंतर ठेवलं होतं, जणू एकच विमानतळ. 'नदी ओलांडताना दिसण्याची गॅरंटी' असंही छापलं होतं. वाइल्डबीस्ट मारा नदीच्या काठावर तासन्‌तास उभे राहून मागे फिरतात, कुणाच्या बापाला त्याची गॅरंटी देता येत नाही. सहलीची भेट म्हणून तो प्लास्टिकच्या पिशव्यांचं किट देणार होता. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ज्याने खरोखर कुणाला तिकडे नेलंय त्याच्या हातून या चुका होत नाहीत. आयटिनररी मिळाली की आधी हेच तपासा. केनियातला ऑपरेटर कोण, हे लेखी घ्या आणि त्याचं नाव तिथल्या टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीच्या परवान्यात किंवा केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या सदस्यांत आहे का बघा. नाव सांगायला टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका.

यलो फीव्हरचं कार्ड "घरपोच" देतो, माणशी ३,५००, हेही त्याने सुचवलं होतं. आमच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे नकार दिला. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. केनियाहून परतताना वैध कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. खोटं कार्ड घेऊन गेलात तर गुन्हेगार तुम्ही ठरता, तो नाही.

तिसरा हप्ता, १०,७८,०००. "करंट अकाउंटची लिमिट संपली" म्हणून दुसऱ्या खात्यात मागितला. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसतं. नाव दिसलं, एका बाईचं, बचत खातं. "पार्टनरच्या मिसेस आहेत" म्हणाला. फर्मच्या नावापेक्षा वेगळं नाव दिसलं की तिथेच थांबायचं, कारण काहीही सांगो. शक्य असेल तर निदान एक हप्ता क्रेडिट कार्डाने द्या. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागता येतो. एनईएफटीला तो मार्ग नाही.

आता तक्रार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, त्यामुळे त्या बचत खात्यात उरलेले १,१२,४०० रुपये गोठले. बाकी सगळं आधीच पुढे गेलेलं होतं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "ही दिवाणी बाब आहे." दुसरं, "त्याचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही." त्या हद्दीत गेलो तर म्हणे पैसे तुमच्या हद्दीतून गेले, आणि सायबरवाले म्हणाले यात सायबर काय आहे, तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलेत. तिथल्या एकाने तर सत्तरीच्या शिक्षकांना ऐकवलं की आफ्रिकेला फिरायला पैसे असतात आणि मग आमच्याकडे येता. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी ठरवलं होतं. फसलेल्या माणसाला आरोपीसारखं उभं करण्याचा अधिकार यांना कुणी दिला? बदललेलं व्हाउचर समोर ठेवलं होतं. शब्द बदललेला कागद दाखवून पैसे घेणं ही दिवाणी बाब कशी होते, याचं उत्तर कुणी देत नाही.

हद्दीचं कारण खोटं आहे. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. फसवणुकीसाठी बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८(४), बनावट कागदासाठी ३३६ आणि ३४०, हे आकडे अर्जात स्वतः लिहून न्या. नोंद घेत नसतील तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवा आणि पोच सांभाळा. पुढे मॅजिस्ट्रेटकडे जायला तीच पोच लागते. पर्यटन खात्याकडे गेलो तर कळलं, आपल्याकडे टूर कंपनी काढायला वेगळा परवाना सक्तीचाच नाही, केंद्राची मान्यता ऐच्छिक आहे. म्हणजे रद्द करायला यांच्याकडे काही नाहीच. लोकांचे लाखो रुपये आगाऊ घेणाऱ्या धंद्याला एक साधा परवाना असू नये?

बँकेने तर बचत खात्यात एवढी रक्कम एकदम कशी आली याचं उत्तर "गोपनीय" म्हणून दिलं नाही.

सगळ्या पेमेंटचे यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेले) नंबर, तारीख आणि खातं एका कागदावर मांडून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २० ते ५० लाखांच्या तक्रारीला फी फक्त १,००० रुपये, वकील सक्तीचा नाही. गटाने मिळून एकच तक्रार करायची असेल तर कलम ३५ खाली आयोगाची परवानगी मागा. आम्ही तक्रार केली आहे. पण त्याला पाठवलेली नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आली, कारण आमच्याकडे फक्त ऑफिसचा पत्ता होता आणि ते भाड्याचं होतं. पहिला हप्ता देतानाच मालकाचा राहता पत्ता आणि पॅनची प्रत मागून घ्या, आणि त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून तो चालू आहे की रद्द झालाय ते बघा. याचा रद्द झालेला होता.