कदमतचं परमिट

पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं कंकणद्वीप, म्हणजे प्रवाळांचं बांगडीसारखं बेट काढायचं, मधलं उथळ पाण्याचं लगून निळ्या खडूनं भरायचं आणि मुलांना सांगायचं, की भारतात हे बघायचं असेल तर लक्षद्वीपला जा. स्वतः मात्र कधी गेले नव्हते. निवृत्तीनंतर ठरवलं की जायचंच, आणि गर्दीच्या बेटावर नाही. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आल्यापासून जो तो लक्षद्वीपचं नाव घेत होता. मी नकाशा काढून तिथल्याच कदमत बेटावर बोट ठेवलं. नऊ-साडेनऊ किलोमीटर लांब, रुंदीला जेमतेम अर्धा किलोमीटर, नुसती एक रेघ. पश्चिमेला लगून. आम्ही चौघं निघणार होतो: मी, आमचे हे, वन्सं आणि त्यांचे यजमान.

या सहलीच्या परवान्यात आम्ही फसलो. कोणाला वाटेल, अशी फसणारी माणसं भोळी असतात, चौकशी करत नाहीत. मी केली होती. भरपूर केली होती. गोची तिथंच झाली.

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, 1967 च्या नियमांपासून. बेटं 36, वस्ती फक्त 10 बेटांवर, आणि परवान्यावर बेटाचं नाव असतं. कदमतचा घेऊन मिनिकॉयला जाता येत नाही. स्थानिक रहिवाशानं प्रायोजक म्हणून नाव द्यायचं, आपल्या पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायचा, अशी एक वाट. प्रशासनाच्या पर्यटन सहली किंवा नोंदणीकृत एजंट ही दुसरी. कोचीहून जहाज चौदा ते अठरा तास घेतं, विमान आगत्ती बेटापर्यंतच जातं. जहाजात बेटवासीयांची जागा आधी, उरलेली आपल्याला. या भानगडी वाचता वाचता माणूस थकतो आणि ‘कोणीतरी करून देणारा’ शोधायला लागतो.

असा एक जण आम्हाला मोबाइलवरच भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगितलं ते त्याचं होतं की नाही हेही माहीत नाही. हिंदी मल्याळी वळणाची, आवाज मऊ. मी शिक्षिका म्हटल्यावर पहिल्याच दिवसापासून ‘टीचर’ म्हणायला लागला. ‘टीचर, टेन्शन नहीं लेने का.’ वर लिहिलेले सगळे नियम त्यानं मला आपणहून सांगितले. मी प्रत्येक गोष्ट ताडून पाहिली आणि प्रत्येक बरोबर निघाली. पोलीस दाखल्याशिवाय काम होणार नाही, असं तो ठणकावून सांगायचा. मला वाटलं, फसवणारा माणूस कशाला आपल्याला पोलीस ठाण्यात पाठवील? आम्ही चौघांनी रीतसर दाखले काढले आणि त्याला पाठवले. नियम मी तपासले. माणूस तपासलाच नाही.

विश्वास बसावा म्हणून त्यानं नाशिकच्या एका कुटुंबाचं परमिट पाठवलं. सोबत त्यांची आधार कार्डंही होती. ‘देखो टीचर, पिछले महीने गए.’ त्या आधार कार्डावर मोबाइल नंबर छापलेला होता. मला तो दिसला होता. उगाच परक्या माणसाला कशाला त्रास, म्हणून मी फोन केला नाही. मला आज सर्वांत जास्त राग येतो तो याच संकोचाचा. आपली कागदपत्रं उद्या तो असाच कोणाला तरी दाखवील, हेही तेव्हा सुचायला हवं होतं.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी प्रायोजकाचे माणशी तीन हजार. महिन्यानं जहाजाची तिकिटं, ‘खुलते ही खतम हो जाता है’ म्हणून त्याच दुपारी. मग घरगुती मुक्कामाचा इसार. निघायच्या चार दिवस आधी ‘बेटावरची अनामत, परतीला मिळेल.’ सगळे मिळून अडुसष्ट हजार चारशे. दर वेळी यूपीआयवर नाव वेगळं दिसायचं. एकदा बाईचं, एकदा कुठल्याशा मोबाइल दुकानाचं. यांनी टोकलं होतं, ‘अगं, हे नाव बघ.’ मी विचारल्यावर उत्तर तयार होतं: सासऱ्यांचं खातं आहे, टीचर, माझ्या खात्याची मर्यादा संपली. मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणा.

सरकारी परवान्याचं शुल्क माणशी काही शेकड्यांत असतं, हजारांत नाही. अर्ज प्रशासनाच्या संकेतस्थळावर करता येतो. हे मी वाचलं होतं. पण प्रायोजक म्हणजे कोणीतरी गरीब बेटवासी, त्याला काही मिळायलाच हवं, असा उदार विचार करून वरच्या रकमेवर पांघरूण मीच घातलं.

परमिट आलं. शिक्का, सही, चौघांचे फोटो, सगळं जागच्या जागी. वन्संनी त्याची रंगीत प्रत काढून प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली.

कोचीला विलिंग्डन बेटावर, प्रवासी जहाजांच्या धक्क्याशी आम्ही सकाळी लवकरच पोहोचलो. काउंटरवरच्या माणसानं क्रमांक संगणकात घातला, पुन्हा घातला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. त्या क्रमांकावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. तिकीट त्यानं हातातही घेतलं नाही. आमच्या तिकिटावर ज्या जहाजाचं नाव होतं, ते त्या दिवशी कदमतला जाणारच नव्हतं. जहाजांचं वेळापत्रक प्रशासन आधीच जाहीर करतं. मी नियम वाचले, इतिहास वाचला, प्रवाळांवर टिपणं काढली, आणि ते एक पान उघडून पाहिलं नाही. तो माणूस चिडला नाही, हसलाही नाही. ‘ऐसा आता है, मॅडम,’ एवढंच म्हणाला. म्हणजे आम्ही पहिले नव्हतो.

फोन लावला. पहिल्यांदा वाजला, दुसऱ्यांदा कट झाला, मग बंद.

आम्ही चौघं सामानावर बसून राहिलो. समोरून खरे प्रवासी आत जात होते: तांदळाची पोती, कोंबड्यांची खुराडी, नवा फ्रिज, झोपलेली पोरं. विलिंग्डन बेट हे निसर्गानं घडवलेलं नाही. गेल्या शतकात कोचीचं बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचा भराव घालून ते तयार केलं. तेवढं एकच बेट माझ्या वाट्याला आलं, आणि तेही चिखलाचं. हे मी मोठ्यानं बोलून गेले. वन्सं हसल्या, मग रडायला लागल्या.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी त्याच दुपारी तक्रार केली, नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही. शेवटच्या अनामतीचे पैसे अजून एका खात्यात पडून होते, तेवढे गोठवले गेले. आधीचे हप्ते महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचे, ते केव्हाच पुढे सरकले होते. पहिला हप्ता दिला त्या आठवड्यात शंका घेतली असती, तर किती वाचले असते याचा हिशेब यांनी मांडला होता. मी तो कागद फाडला. गोठवलेली रक्कमही अजून हातात आलेली नाही, आणि पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी चहा पाजून धीर धरायला सांगितलं आहे.

साधारण तीन महिन्यांनी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. नागपूरचे गृहस्थ होते, बोलायला अगदी अदबशीर. ‘ताई, त्रास देतोय, माफ करा. तुमचं परमिट आम्हाला एजंटनं पाठवलंय, आधार कार्डावर हा नंबर मिळाला. कदमत कसं वाटलं, एवढंच विचारायचं होतं.’

मी विचारलं, पैसे दिलेत का?

पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘पहिलाच हप्ता. काल.’

‘फोन ठेवा,’ मी म्हटलं, ‘आणि आत्ताच्या आत्ता 1930 लावा.’