‘कॉल ऑफ द व्हॅली’: काही महिने फक्त हाच अल्बम ऐकल्यावर

आमच्या सीडी प्लेअरचा ट्रे अडकला तेव्हा आत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होती. ट्रे उघडेना, पण सीडी वाजत होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. माणूस आला, झाकणही न उघडता “मॅडम, याचे पार्ट आता येत नाहीत, नवीन साउंडबार बघा” म्हणाला आणि ५९० रुपयांची पावती फाडून गेला. पाचशे तपासणीचे, नव्वद जीएसटीचे. तपासलं काय, तर मागचं लेबल! इतका संताप आला की ठरवलं, नवीन काहीही घ्यायचं नाही, जे वाजतंय तेच ऐकायचं. त्याच सुमारास गाण्याच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपलं, तेही भरलं नाही. तेव्हापासून घरात रोज हाच अल्बम लागतो, आणि आता जन्मभरासाठी एकच अल्बम ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवेन.

अल्बमची ओळख करून देत बसत नाही. १९६७, एचएमव्ही, शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्मिती जी. एन. जोशींची, म्हणजे भावगीतं गाणारे आणि एचएमव्हीत अधिकारी असलेले आपले जोशी. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, एवढीच गोष्ट. हे सगळ्यांना पाठ आहे.

मला बोलायचंय ते क्रमाबद्दल. सकाळचा राग अहिर भैरव, त्याला जोडून नट भैरव, मग पिलू, मग भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. हा क्रम म्हणजेच अल्बम आहे. अ‍ॅपच्या फुकटच्या प्लॅनवर एकदा लावून पाहिला, तर देसनंतर अहिर भैरव आला, मधे गृहकर्जाची जाहिरात, आणि मग भूप. रात्रीनंतर पहाट एक वेळ समजू शकते, पण पहाटेनंतर थेट संध्याकाळ? ज्यांनी हा अल्बम पहिल्यांदाच असा ऐकला असेल त्यांना तो ‘छान, शांत, योगाच्या वेळी लावायला बरा’ वाटला तर त्यांचा दोष नाही. त्यांनी तो ऐकलेलाच नाही.

पहिला ट्रॅक साडेबारा मिनिटांच्या आसपास आहे आणि रोज ऐकून सगळ्यात जास्त उलगडला तो हाच. अहिर भैरवातला रिषभ (म्हणजे ‘रे’) कोमल, म्हणजे थोडा खालचा असतो. नट भैरवात तोच रिषभ शुद्ध होतो, धैवत (‘ध’) कोमल होतो, निषादही (‘नी’) बदलतो. मला गाण्याचं शिक्षण नाही, स्वर ओळखायला भाचीची पेटी घेऊन बसावं लागलं. पण ती एक पट्टी सरकल्यावर उजाडतं, हे कानाला नाव माहीत नसतानाही कळत होतं. अजूनही त्या जागी हातातलं काम थांबतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत माझं मत असं होतं, की संतूर आणि बासरीसाठी हा अल्बम घ्यावा आणि गिटार सोडून द्यावी. पिलूमध्ये तर ती मला जुन्या सिनेमातल्या हवाइयन गिटारची आठवण करून द्यायची. आता नेमकं उलटं वाटतं. संतूर हे कलमांनी, म्हणजे छोट्या लाकडी काड्यांनी, तारांवर आघात करून वाजवायचं वाद्य. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही म्हणून त्याच्यावर सुरुवातीला टीका झाली, आणि शिवकुमारांनी कलम तारेवर हलकेच घासत नेऊन स्वर लांबवण्याची रीत काढली. बासरीला श्वासाची मर्यादा. राहिली गिटार. काब्रा जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द. गिटार आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायचे. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं या तिघांत तिलाच सगळ्यात सहज जमतं. दोघांच्या मधली शिवण तिने घातली आहे आणि ती दिसू नये इतकी बारीक घातली आहे. संतूर पहिल्याच दिवशी आवडतो. गिटार आवडायला वेळ लागतो, आणि रोज ऐकायच्या अल्बममध्ये अशी उशिरा आवडणारी वस्तू हवीच. पोपटकरांचा तबलाही तसाच, कुठेही पुढे येऊन मिरवत नाही.

भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ का नाही, किशोरीताई आमोणकर का नाहीत, असं घरातूनच विचारलं गेलं. दोन्ही माझी जीव की प्राण. पण शब्द आले की मन शब्दांमागे जातं, आणि भीमसेनांचा आवाज लागला असताना मला भाजी निवडता येत नाही. तो रोज चारदा लावायचा म्हणजे त्याची किंमत कमी करायची.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. माझी सीडी नव्वदच्या दशकातली. त्या आवृत्तीत पहाडीनंतर हरिप्रसादांच्या आणखी तीन रचना घातल्या आहेत. बासरी सुरेखच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पहाडी संपली की गोष्ट संपली. मेंढपाळाचा दिवस मावळला, रात्र झाली, आणि लगेच बासरी, जणू मधे काही घडलंच नाही! सीडीवर जागा उरली म्हणून भरायची? चाळीस मिनिटांत संपणारा अल्बम महाग वाटेल अशी भीती होती का? मी पूर्ण पैसे याच पाच ट्रॅकचे दिले असते. एखादी गोष्ट कायम ऐकायची असेल तर ती दरवेळी नीट संपायला हवी, तरच पुन्हा पहिल्यापासून लावावीशी वाटते.

यावर तोडगा मिळाला तो प्लेअरमध्येच. शेवटी तो पिशवीत घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेला. तिथल्या दादांनी काउंटरवरच झाकण काढलं. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होऊन घसरत होता. तो बदलला, कापूस लावलेल्या काडीने लेन्स पुसली आणि म्हणाले, “ताई, मशीन चांगलं आहे, देऊ नका कोणाला.” चारशे रुपये! ‘पार्ट येत नाहीत’ म्हणत ५९० घेऊन गेलेल्या त्या पावतीशेजारी मी हे बिल जपून ठेवलंय. त्यांनीच रिमोटवरचं ‘प्रोग्रॅम’ बटण दाखवलं. एक ते पाच आकडे भरायचे, की पहाडीनंतर प्लेअर आपोआप थांबतो. एवढ्या एका बटणासाठी मी हे यंत्र विकणार नाही. फक्त वीज गेली की आकडे पुसले जातात, आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी ते पुन्हा भरणं हे ठरलेलं काम.

घेणार असाल तर मागचं कव्हर वाचून घ्या. पाचच ट्रॅक असतील तर उत्तम, आठ असतील तर प्लेअरला प्रोग्रॅमची सोय आहे का ते आधी बघा. जुनी एलपी, म्हणजे तबकडी, मिळत असेल तर विकणारा पहिल्या बाजूची सुरुवात लावून दाखवेल. त्या सुरुवातीवर जाऊ नका. एलपीवर सुई आत जाते तसा आवाज बिघडण्याचा धोका वाढतो, कारण आतल्या खाचांना वळसा लहान असतो आणि झीज तिथे आधी ऐकू येते. पहाडी नेमकी तिथेच आहे, दुसऱ्या बाजूच्या अगदी आत. तेवढी पूर्ण वाजवून घ्या. ती स्वच्छ असेल तरच भाव करायला बसा, खरखरत असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.