ड्रायसूटचा पी-व्हॉल्व्ह : हिवाळाभर वापरल्यानंतर

लघवी लागेल म्हणून डाइव्हच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारे बरेच डायव्हर मी पाहतो. हे आधी बंद करा. थंड पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छाती-पोटाकडे सरकतं, शरीराची समजूत होते की अंगात पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात. घोटभर न पिता उतरलात तरी लघवी लागायची ती लागतेच, आणि अंगातलं पाणी कमी असणं डीकम्प्रेशनच्या, म्हणजे वर येताना अंगात विरघळलेला वायू बाहेर पडण्याच्या दृष्टीने बरं नाही. त्यापेक्षा पी-व्हॉल्व्ह बसवा: ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा डायव्हिंगचा सूट, अंगावर असतानाच लघवी नळीने बाहेर पाण्यात सोडणारी झडप.

मी इंग्लंडमध्ये डायव्हिंग करतो. बहुतेक वेळा लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला; ३६ मीटरपर्यंत खोल, पाण्याने भरलेली ग्रॅनाइटची जुनी खाण. जमेल तेव्हा स्कॉटलंडमध्ये स्कॅपा फ्लोला, १९१९ मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवलेली जहाजं बघायला. ‘मार्कग्राफ’ ४५ मीटरच्या आसपास आहे. वर येताना दोरीला धरून डेको (डीकम्प्रेशनचे) थांबे घ्यावे लागतात, आणि नेमकं तेव्हाच फुगलेलं मूत्राशय जीव खातं. तारकर्लीला वेटसूटमध्ये (ज्यात पाणी शिरतं अशा सूटमध्ये) शिकलेल्यांना हा प्रश्न पडत नाही, तिथे सरळ सूटमध्येच होऊन जातं.

व्हॉल्व्हचे दोन प्रकार आहेत. अनबॅलन्स्ड म्हणजे नळी आणि एकतर्फी झडप, बस्स. खाली जाताना नळीतली हवा आक्रसते आणि जिथे ओढ बसायला नको तिथेच बसते. ते टाळायला उतरण्याआधी थोडी लघवी करून नळी भरून घ्यावी लागते. बॅलन्स्डमध्ये नळीतला दाब सूटमधल्या हवेशी आपोआप जुळतो. मी बॅलन्स्ड घेतला आणि त्याबद्दल माझ्या मनात अजिबात दुमत नाही. किमतीतला फरक द्या. माझ्या मॉडेलची बाहेरची चकती फिरवून उघडावी लागते. जाड हातमोज्यांतून ती नीट पकडीत येते का, हे दुकानातच हातमोजे घालून बघा.

पण खरा खेळ व्हॉल्व्हचा नाही, कॉन्डोम कॅथेटरचा, म्हणजे कॉन्डोमसारखं चढवून नळीला जोडायच्या चिकट आवरणाचा आहे. सैल असेल तर सुटतो, आणि मग अंडरसूट (ड्रायसूटच्या आतले उबदार कपडे) भिजून सगळा डाइव्ह थंडीत जातो. घट्ट असेल तर दुखतो. कंपन्या मापाची कागदी पट्टी देतात, ती वापरा. अंदाजाने घेऊ नका. सिलिकॉनचाच घ्या. केस कातरून घ्यायचे, त्वचा कोरडी ठेवायची, तेल किंवा क्रीम अजिबात नाही, आणि चढवल्यावर मुठीत धरून अर्धा मिनिट दाबायचं म्हणजे अंगाच्या उबेने गोंद बसतो. नळी पुढे कमरेपाशी मुरडत नाही ना, हे उकिडवं बसून तपासा. मुरडलेल्या नळीत लघवी तुंबते आणि कॅथेटर उडतो. पाण्यात सुरुवातीला काही केल्या होत नाही. शरीर आडवं न ठेवता उभं करा, घाई करू नका, आणि एकदम जोर लावू नका.

स्वच्छतेकडे मात्र कानाडोळा नको. थायलंडच्या गुहेतून २०१८ मध्ये मुलांना सोडवणाऱ्यांपैकी एक, ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी २००९ मध्येच पी-व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांना झालेले संसर्ग आणि दाबाच्या इजा यांवर लिहिलं होतं. मी घरी आलो की मोठ्या सिरिंजने नळीतून गोडं पाणी सोडतो, मग बाळांच्या बाटल्या निर्जंतुक करायचं पातळ द्रावण, परत पाणी, आणि नळी उलटी टांगून पूर्ण वाळवतो. लघवीचे क्षार झडपेत साठले तर ती नीट मिटत नाही, हाही मुद्दा आहेच.

नळीला मधे झटकन सुटणारा जोड असलेलाच संच घ्या. सूट उतरवताना तो आधी सोडायचा. नाहीतर पाय बाहेर काढताना बसणारा हिसका विसरता येत नाही.

भोक पाडायचं काम सूट दुरुस्त करणाऱ्यांकडूनच करून घ्या. जागा मांडीच्या आतल्या-पुढच्या बाजूला, खिसा आणि हार्नेसचा पट्टा यांच्या वाटेत न येणारी. ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन थरांच्या पातळ कापडाच्या सूटमध्ये हे सोपं आहे. जाड निओप्रीन (फेसासारखं रबर) दाबाने दबतं, म्हणून तिथे आधी पॅच चिकटवून सपाट जागा करावी लागते. बायकांसाठी त्वचेला चिकटणारं सिलिकॉनचं वेगळं भांडं मिळतं, ते याच नळीला जोडता येतं. माझी बायको मात्र अजून डायपरवरच आहे, त्यामुळे त्याबद्दल तिच्या अनुभवाचं काही सांगता येणार नाही.