१०एक्सचं घडीचं भिंग, भिरूड ओळखायला एकदम कामाचं

आमच्या हापूसच्या बागेत पावसाळ्यात रात्री बल्बपाशी लांब मिशांचे भुंगे येतात, सगळ्यांना आम्ही भिरूडच (म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारी कीड) म्हणायचो, पण भिरूड ज्या बॅटोसेरा वंशातला, त्यात सारखे दिसणारे बरेच असतात म्हणून हे भिंग मागवलं. भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरायचं आणि भुंगा अडीच सेंमीवर आणायचा, तरच क्लिअर दिसतं, हात लांब करून बघाल तर सगळं धूसर.

आंब्याचा भिरूड म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, त्याच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन नारिंगी ठिपके, पंखांवरही पिवळट-नारिंगी, आणि खांद्यापाशी काळे चकचकीत दाणे, मोहरी सांडावी तसे, ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी बघतच राहिले! बॅटोसेरा रूबसच्या ढालीवरही तसेच दोन ठिपके, पण पंखांवरचे पांढरे. फक्त मेलेला, वाळलेला भुंगा असेल तर नुसत्या रंगावर जाऊ नका, नारिंगी फिका पडतो.

५ सेंमीचा अख्खा भुंगा एकावेळी भिंगात मावत नाही, तुकड्या-तुकड्याने बघावा लागतो, आणि स्क्रू महिन्याभरात सैल झाला. काच मात्र एक नंबर, कडेलापण रंग फाटत नाहीत, म्हणजे रंगीत झालर दिसत नाही. चार स्टार.