प्लस की मायनस? पाठवणीपर्यंत चालणारी ब्लँक डीव्हीडी

"अजून डीव्हीडी कोण घेतं?" असं विचारणाऱ्यांनी एकदा वैशाखात अमळनेर-पारोळ्याकडच्या खेड्यांत चक्कर मारावी. टीव्ही नवा, भिंतीवर टांगलेला. त्याच्या खाली फळीवर जुना डीव्हीडी प्लेअर, त्यावर क्रोशाचा रुमाल. लग्नाचं शूटिंग मी पेनड्राइव्हवरही देतो, पण पेनड्राइव्हचं काय होतं ते पाहिलंय. एका घरी नवरदेवाच्या धाकट्या भावाने सहा महिन्यांत त्यावरचं अख्खं लग्न पुसून डीजेची गाणी भरली. डीव्हीडीचं तसं होत नाही. एकदा लिहिली की लिहिली. शिवाय कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो असतो, तो शोकेसमध्ये दिसतो.

तेव्हा ज्यांना अजून ब्लँक घ्यायच्या आहेत आणि दुकानदाराच्या "प्लस देऊ की मायनस?" या प्रश्नापाशी, म्हणजे DVD+R की DVD-R इथे, जे थबकतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही मी वापरल्यात. एकाकडे माझा कल आहे, तो लपवत नाही. पण माझं सगळं म्हणणं अमळनेरच्या एका खोलीतल्या स्टुडिओतलं आहे, हेही लक्षात असू द्या.

बाकीचे प्रकार आधी बाजूला काढतो. सीडीवर व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, केली तर ती कुठेही चालते, पण चित्र 352 बाय 288 चं. मोठ्या टीव्हीवर नवरीच्या शालूचा नुसता लाल ढग दिसतो, आणि 80 मिनिटांनी उठून सीडी बदलावी लागते. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू घरच्या कामाला ठीक. तिच्यावरून लेझरचा उजेड कमी परततो, जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. साडेआठ जीबीची दुहेरी थराची महाग पडते, आणि एक थर संपून दुसरा सुरू होताना काही प्लेअर उचकी देतात. गिऱ्हाइकाला द्यायला उरते ती साधी 4.7 जीबीची.

आता प्लस आणि मायनस. मायनस आधीची, 1997 ची, पायोनियरने आणलेली. प्लस मागून आली, 2002 मध्ये. तिच्यामागे फिलिप्स, सोनी, एचपी अशी मंडळी होती. भाऊबंदकीत शेताला दोन बांध पडतात तसं झालं. जागेचा फरक नावापुरता, मायनसमध्ये साधारण सात एमबी जास्त मावतात. कॉम्प्युटर दोन्हींना 4.38 जीबीच दाखवतो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे, त्याने काही चोरलेलं नाही. आजकालचे राइटर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून डीव्हीडी लिहिणारी यंत्रं, दोन्ही लिहितात. म्हणजे आपल्या टेबलावर दोघी सारख्याच. प्रश्न असतो तो पलीकडच्या टोकाचा, त्या रुमालाखालच्या प्लेअरचा.

तिथे मायनसचं पारडं थोडं जड आहे. ती आधी आल्यामुळे जुन्या प्लेअरांना ती ठाऊक असते. प्लस पाहिली की त्यातले काही "नो डिस्क" म्हणून तोंड फिरवतात. प्लसवाल्यांकडे यावर एक तोड आहे आणि ती खरोखर हुशारीची आहे. तबकडीच्या सुरुवातीला ती कुठल्या जातीची हे सांगणारा एक शिक्का असतो. प्लसवर लिहिताना तो शिक्का बदलून "ही छापील डीव्हीडी आहे" असं नोंदवता येतं. मग जुना प्लेअर फसतो आणि मुकाट्याने चालवतो. मायनसवर हा शिक्का बदलता येत नाही. प्लसवर तो बदलायची सोय इमेजबर्न या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी एक अख्खी लग्नसराई असं काम केलं आणि त्या हंगामात "लागतच नाही" अशी तक्रार जवळजवळ आली नाही. पण हे राइटरच्या मर्जीवर असतं. माझा जुना राइटर धुळीने गेला. नवा आणला तो शिक्का बदलू देत नव्हता, आणि हे मला कळलं डीव्हीडी गावोगाव पोचल्यावर.

तरी माझा निर्णय झाला तो या "नो डिस्क"मुळे नाही. जी डीव्हीडी लागतच नाही, ती गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणतं, आपण दुसरी देतो, विषय संपतो. खरा छळ होता पाठवणीचा.

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या मावशी एसटीने आल्या, पिशवीतून डीव्हीडी काढली आणि म्हणाल्या, "भाऊ, मन्ही पोर गाडीमा बठस, तठेच तुन्ही शीडी थांबी जास." मी समोर लावली. हळद नीट, मांडव नीट, मंगलाष्टकं नीट, पंगत नीट. माझ्याकडे पाठवणीही नीट. त्या घरी गेल्या, आणि त्यांच्याकडे पुन्हा तिथेच अडकली. आठवड्याने दुसऱ्या गावचे एक काका आले. त्यांचंही तेच. मग सुरतेहून फोन. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नाची एक प्रत सुरतेला जातेच, उधना नाहीतर लिंबायत. तिकडच्या आत्याबाईंचीही गाडी सुटेना. सगळ्यांची अडकायची जागा एकच. नवरी आईच्या गळ्यात पडलेली, चित्राचे चौकोन झालेले, सनई "पीं" करून थांबलेली.

माझ्या सुटी घेतलेल्या डीव्हीडी मायनस होत्या, म्हणून मी दोष मायनसला दिला आणि प्लसकडे गेलो. जुन्या राइटरवरचा तो शिक्क्याचा हंगाम म्हणजे हाच. "लागत नाही" ही तक्रार गेली, "पाठवणीला अडकते" ही राहिली. कारण त्या प्लसही मी तशाच घेतलेल्या होत्या, सुट्या, वेष्टनाशिवायच्या, शंभराची चळत दोरीने बांधलेली.

यातली गोम मला उशिरा उमगली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. पहिला प्रसंग मधल्या भोकाजवळ, शेवटचा कडेला. आणि स्वस्त तबकडीची कडाच सगळ्यात कच्ची असते. लेझर ज्या रंगाच्या थरावर लिहितो, तो थर तबकडी गरागरा फिरवून मध्यातून बाहेर पसरवतात. काम हलकं असेल तर कडेला तो एकसारखा बसत नाही. तबकडी जराशी वाकडी असली तर तो वाकही कडेलाच जास्त जाणवतो. माझ्या राइटरची नजर तरुण आहे, तो वाचून घेतो. दहा वर्षं चुलीच्या धुरात राहिलेल्या प्लेअरची नजर तिथे पोचेपर्यंत थकते. लग्नात शेवटी येते पाठवणी. म्हणजे ज्या चार मिनिटांसाठी आई ती डीव्हीडी पुन्हापुन्हा लावणार, नेमकी तीच मी सगळ्यात कच्च्या जागेवर लिहीत होतो.

मग एकदा एकच लग्न चार तबकड्यांवर लिहिलं. सुटी मायनस, सुटी प्लस, डब्यातली नाव असलेली मायनस, डब्यातली नाव असलेली प्लस. आणि ओळखीच्या पाच घरच्या प्लेअरवर शेवटचा भाग लावून पाहिला. याला कुणी प्रयोग म्हणू नये, चहा पीत केलेलं काम ते. सुट्या दोन्ही तीन-तीन घरी अडकल्या. डब्यातली मायनस पाचही घरी गाडी सुटेपर्यंत चालली. डब्यातली प्लस चार घरी चालली, पाचव्या घरी तिला उंबरठ्यातूनच परत पाठवलं, कारण शिक्का बदललेला नव्हता. दुसऱ्या कुणाचे प्लेअर वेगळे असतील, निकालही वेगळा येईल. पण मी त्या दिवसापासून डब्यातली मायनस घेतो.

खर्चाचं म्हणाल तर सुटी आणि डब्यातली यांत मला नगामागे सात-आठ रुपयांचा फरक पडतो. एका लग्नाच्या सहा प्रती धरल्या तर पन्नासाच्या आत. मावशींचं एकदाचं एसटी भाडं आणि मी पाजलेला चहा यातच ते निघून जातात. वर गावात नाव जातं ते वेगळं.

घ्यायच्या कुठे? जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरलात तर अजून मिळतात, पण चार दुकानं विचारावी लागतात. पूर्वी हा प्रश्न नव्हता. मोझर बेअर हे नाव किराणा दुकानातसुद्धा दिसायचं, ते 2018 मध्ये कंपनी अवसायनात निघाल्यावर बाजारातून हळूहळू ओसरलं. आज 50 चा डबा घेताना वेष्टन सीलबंद आहे ना एवढं पाहून भागत नाही, कारण नाव एकाचं आणि माल दुसऱ्याच कारखान्याचा, असं सर्रास असतं. त्यात गैर काही नाही, फक्त आपल्याला माहीत हवं. तबकडी राइटरमध्ये घालून इमेजबर्न उघडलं की उजवीकडे तिच्या कारखान्याचा खरा कोड दिसतो. जो कोड एकदा नीट चालला तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला डबा तोच आणि कोड वेगळा निघाला, तर पहिल्या दोन-तीन लिहून तपासल्याशिवाय ऑर्डरचं काम लावू नका. घरपोच मागवलेल्या डब्यातली सगळ्यात वरची आणि तळाची मी गिऱ्हाइकाला देत नाही. प्रवासात घासलेल्या असतात.

लिहिण्याच्या वेगाबद्दल (तो 4 एक्स, 8 एक्स असा मोजतात) दोन मतं आहेत. डब्यावर 16 एक्स लिहिलेलं असलं म्हणून 16 ने लिहू नये, यावर आम्हा शूटिंगवाल्यांचं एकमत. जुने लोक म्हणतात 4 ने लिहा. मला ते फारसं पटलेलं नाही. एकतर आजच्या तबकड्यांचा रंग जास्त वेगासाठी बेतलेला असतो. आणि 4 एक्सने भरलेली डीव्हीडी व्हायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात आमच्याकडची लाइट दोनदा जाऊन येते. मी 8 वर ठेवतो, आठ-नऊ मिनिटांत निघते, नंतर व्हेरिफाय करतो, म्हणजे लिहिलेलं नीट वाचलं जातं का ते तपासतो. शेवटी डिस्क बंद करायला, म्हणजे फायनलाइज करायला, विसरलात तर प्लस काय आणि मायनस काय, दोन्ही फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतील.

आणि फॉरमॅट म्हणजे फक्त तबकडी नव्हे. कॉम्प्युटरवर चालणारी एमपी4 फाइल तशीच टाकून देणारे पुष्कळ आहेत. जुना प्लेअर तिला ओळखत नाही आणि दोष ब्लँकला जातो. रीतसर डीव्हीडी व्हिडिओ करा, पॅल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत), 720 बाय 576.

इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे, नाहीतर सुट्या तबकड्यांवर अन्याय होईल. तेव्हा मी डीव्हीडीवर कागदी गोल स्टिकर चिकटवायचो, नवरा-नवरीच्या फोटोचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, भुसावळची ख्याती तर सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हात कागद एका बाजूने सुटतो, आक्रसतो, तबकडीला ओढ देतो. पुन्हा कडेलाच. अडकलेल्यांपैकी किती सुट्या मालामुळे आणि किती माझ्या स्टिकरमुळे, हे मला आज सांगता येणार नाही. ते स्टिकर मी बंद केले. आता पांढऱ्या पाठीच्या, थेट प्रिंटरवर छापता येणाऱ्या घेतो. त्या दोन रुपयांनी महाग पडतात, आणि मायनसमध्ये मला सहज मिळतात. गिऱ्हाइकाला बजावतो की गाडीच्या काचेखाली ठेवू नका. लोक ठेवतातच.

आणखी एक पथ्य पाळतो. 4.38 जीबी काठोकाठ भरत नाही. चारच्या आत आवरतं घेतो म्हणजे कडेची पट्टी कोरी राहते. एवढ्यात लग्न मावत नसेल तर क्रम बदलतो. पाठवणी आधी, आणि तिच्यामागून "विशेष क्षण" म्हणून पंगत. वांग्याची भाजी आणि बट्टी वाढताना डीव्हीडी अडकली म्हणून आजवर एसटीने कुणी आलेलं नाही. फार तर एखादे मामा म्हणतात, आम्ही जेवताना दिसलो नाही.

तुमचा राइटर शिक्का बदलू देत असेल आणि प्लसचा चांगला डबा स्वस्तात मिळत असेल, तर तो सोडा असं मी म्हणणार नाही. तांत्रिकदृष्ट्या प्लस काही बाबतींत सरस आहे असं जाणकार म्हणतात, आणि मला ते खोडता येत नाही. पण प्रत्येक वेळी ती सेटिंग लक्षात ठेवायची, राइटर बदलला की पुन्हा तपासायची, आणि एवढं करून पलीकडच्या घरी काय होईल याचा घोर लावून घ्यायचा, हे लग्नसराईत रात्री दोन वाजता डोळे चुरचुरत असताना माझ्याच्याने होत नाही.

प्लसचा अर्धा डबा अजून कपाटात आहे. तो दुकानदारांच्या सीसीटीव्हीच्या फुटेजला कामी येतो. चोरीबिरी झाली की ते वकिलांसाठी, पोलिसांसाठी कॉपी मागायला येतात, आणि ती कॉपी कॉम्प्युटरवरच पाहिली जाते.