स्ट्राव्हा: कॉलेजच्या कंपूने लीडरबोर्ड सोडावा, 'ग्रुप गोल' धरावा

पणजीत मिरामार ते दोना पावल एकत्र धावायचं ठरवणाऱ्या मुलामुलींसाठी स्ट्राव्हा हे धावण्या-व्यायामाची नोंद ठेवणारं उत्तम ॲप आहे. मात्र त्यातलं नेमकं काय वापरायचं, ते आधी ठरवायला हवं.

बरेच कंपू सेगमेंटच्या (रस्त्याच्या ठरावीक तुकड्याच्या) लीडरबोर्डवर, म्हणजे कोण किती वेगात धावलं त्या क्रमवारीवर, तुटून पडतात आणि तिथेच घोडं अडतं. पहिले दोघे सुसाट सुटतात, शेवटचा मात्र क्लास आहे, गुडघा दुखतोय अशी कारणं सांगून गळतो. 2017 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये सुमारे 11 लाख धावपटूंच्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला. मित्र 1 किलोमीटर जास्त धावला तर त्याच दिवशी आपणही साधारण 300 मीटर जास्त धावतो, असं त्यात दिसलं. पण कमी धावणाऱ्यामुळे जास्त धावणाऱ्याला चेव येतो, उलट होत नाही. म्हणजे ज्याला ढकलायची खरी गरज आहे, त्याला लीडरबोर्ड काहीच देत नाही. शिवाय 2020 पासून संपूर्ण लीडरबोर्ड पैसे भरणाऱ्यांनाच दिसतो.

त्यापेक्षा ग्रुप चॅलेंजमधला (मित्रांनी मिळून लावायच्या आव्हानातला) 'ग्रुप गोल' निवडा. सगळ्यांचे किलोमीटर एकाच बेरजेत जातात, त्यामुळे सावकाश पळणारीचे 2 किलोमीटरही सगळ्यांना हवे असतात. चॅलेंज सुरू करणाऱ्याकडे सबस्क्रिप्शन लागतं, बाकीचे फुकट सामील होतात. 6 जण, आठवड्यातून 3 दिवस, दर वेळी 3 किलोमीटर, 4 आठवडे: हिशेब 216 चा होतो. लक्ष्य 180 च ठेवा. परीक्षा, सर्दी आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) धावपळीला जागा राहते. आणि कुडोज (ॲपमधली शाबासकी, 'लाइक'सारखी) देताना खंड पडून परत आलेल्याला आधी द्या, त्यालाच त्याची खरी गरज असते.

फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर स्क्रीन बंद होताच जीपीएस तुटू शकतं. मग नकाशावर वळणाऐवजी सरळ रेघ उमटते, अंतर कमी भरतं आणि बेरजेवरून वाद होतात. अँड्रॉइड फोनवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये ॲप 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. घराच्या दारातून धावायला सुरुवात करत असाल तर 'मॅप व्हिजिबिलिटी'मध्ये जाऊन सुरुवात आणि शेवट लपवा. 1600 मीटरपर्यंतचा भाग झाकता येतो. मुलींनी तर हे पहिल्याच दिवशी करावं.

जूनमध्ये पाऊस लागला की किलोमीटरचं लक्ष्य कोसळतं. तेव्हा नवं चॅलेंज वेळेचं लावा आणि तयार करतानाच त्यात बॅडमिंटन, योग, जिम हे प्रकारही निवडा. ते निवडायचे राहून गेले तर घरात घाम गाळलेला तास बेरजेत येत नाही.